मारोतरावांची विहीर, पंचफुलाबाईंची झाडं

चिपळुणात झाड लावणं हा उद्योग नाही, झाड आवरणं हा आहे. पावसाळ्यात थोडं दुर्लक्ष झालं की पायरीच्या फटीतून पिंपळ डोकं वर काढतो. तरीही आमच्या गावात निसर्गमित्रांचा एक गट आहे आणि माझी बायको सुमन त्याची चिटणीस आहे. दर रविवारी हे निसर्गमित्र कोयते घेऊन नदीकाठच्या बागेत जमतात, वाढलेला निसर्ग छाटतात आणि मग पोहे खातात. मी शाळेत गणित शिकवतो. त्या गटात माझं सभासदत्व पोह्यांपुरतं आहे.

एकदा पुण्यात अशाच गटांचं शिबिर झालं. तिथं सुमनने आमच्या बागेवर भाषण केलं. खाली उतरल्यावर हिरव्या लुगड्यातल्या एका बाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडं पाऊसच सगळं करून राहिला. तुमी नुसतं वरतून पाहून राहिल्या. झाड जगवणं कशाला म्हनतात ते पाहायचं असंल तर उन्हाळ्यात आमच्या हिंगोलीला या."

दुसऱ्या कुणाला हा टोमणा वाटला असता. सुमनला ते आमंत्रण वाटलं. मे महिन्याची सुट्टी लागली तशी तिने माझी पिशवी भरली.

मी शाळेतल्या नकाशावर हिंगोली जिल्हा शोधायला गेलो तर तो नव्हताच. परभणीतून वेगळा होऊन त्याला थोडेच दिवस झाले होते आणि आमच्या शाळेचा नकाशा माझ्या लग्नाच्या आधीचा होता. "जो जिल्हा नकाशात नाही तिथं जायचं कसं?" मी विचारलं.

"एस.टी.ने," सुमन म्हणाली.

औंढा

परभणीहून निघालेल्या गाडीतून आम्ही औंढ्याला उतरलो. इथवर आलोच आहोत तर नागनाथाचं दर्शन घेऊन पुढची गाडी धरावी असा विचार होता. देवळाच्या काळ्या दगडांवर हत्ती, घोडे, माणसं इतकी दाटीने कोरलेली की भिंतीलाही श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाही. आत गाभारा जमिनीखाली. वाकून, जवळजवळ बसून खाली उतरावं लागतं. उतरताना थंडावा इतका बरा वाटला की मी खाली जरा जास्तच वेळ भक्ती केली. मागच्या आजोबांनी शेवटी "सरका की बापा, देव आमचाबी हाये," म्हणून मला वर काढलं.

बाहेर फरसबंदीवर पाय ठेवला आणि चपलेपर्यंत मी ज्या उड्या मारल्या त्या पाहून प्रसादाच्या दुकानातला माणूस मनापासून हसला. त्याने पाणी दिलं, बसायला फळी दिली.

"कुठले म्हनायचे तुमी?"

"कोकणातले. चिपळूण."

"आन् इतक्या उन्हात काहून आले?"

"गोरेगावच्या पुढं एक गाव आहे, बोरमाळ. तिथं झाडांना पाणी घालायला."

त्याने मला पाहिलं, मग सुमनला पाहिलं. आवाज खाली आणून अतिशय सहानुभूतीने विचारलं, "नवस हाये का?"

गोरेगाव

हिंगोलीहून गोरेगावला जीपने गेलो. गणिताच्या शिक्षकाने जीपमधली माणसं मोजू नयेत. उत्तर दर थांब्याला बदलतं आणि प्रत्येक वेळी चालक म्हणतो, "अजून जागा हाये." सुमनला कांद्याच्या पोत्यावर मानाची जागा मिळाली. माझा एक पाय बाहेर होता आणि तो कुणाच्या तरी सायकलच्या चाकाला धरून होता, असं मला उतरताना समजलं.

दोन्ही बाजूंना काळी जमीन नांगरून उलटी पाडलेली. ढेकळं, ढेकळं, मधेच एक लिंबाचं झाड, पुन्हा ढेकळं. आमच्याकडे नजर कुठंही टाकली तरी ती दहा पावलांत झाडाला अडते. इथं ती निघाली की निघालीच, थेट आभाळाच्या कडेला जाऊन थांबते. मला जरा उघड्यावर आल्यासारखं वाटलं. सुमनला वाटलं, "किती मोकळं!" लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आम्हां दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट दिसलेली नाही.

गोरेगावच्या बाजारात पंचफुलाबाई आम्हाला न्यायला आल्या होत्या. शिबिरातलंच हिरवं लुगडं, पण डोक्यावर आता गुळाचं गाठोडं. माझ्याकडे पाहून त्यांनी सुमनला विचारलं, "हे काम करतेत, का नुसते संगं आले?"

"पाहू," सुमन म्हणाली.

बोरमाळ

बोरमाळच्या वर एक माळ आहे. गावाचं गायरान. काही वर्षांपूर्वी त्यावर दगड आणि बोरीचे काटे एवढंच होतं. पंचफुलाबाई आणि त्यांच्या बौद्ध वस्तीतल्या बायांनी तिथं झाडं लावायला घेतली. मग गावातले शेतकरीही आले आणि गट झाला. आता उतारावर लिंब, करंज, सीताफळ, आवळा अशी झाडं उभी होती. काही डोक्याएवढी, बरीचशी गुडघ्याएवढी. प्रत्येक लहान झाडाच्या बुडाशी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. सकाळी ते भरायचं, दिवसभर पाणी झिरपत राहतं. आमच्या बागेत एवढ्या पाण्यावर शेवाळंसुद्धा रुसलं असतं.

आमचा मुक्काम विहाराशेजारच्या खोलीत होता. वस्तीत "जय भीम" म्हणायचं आणि वरच्या आळीत "राम राम", हे सुमनने मला बजावून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी मी नेमकी अदलाबदल केली. दोन्हीकडे चहा तितकाच गोड मिळाला. तो चहा पिण्यापेक्षा चाटण्याच्या अधिक जवळचा होता.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाची आमटी, ठेचा आणि बुक्की मारून फोडलेला कांदा. भाताची आठवण मी चेहऱ्यावर येऊ दिली नाही असं मला वाटत होतं, पण दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाईंनी माझ्यापुरता भात टाकला आणि आल्यागेल्याला सांगितलं, "मास्तरला भाकर चावत न्हाई." त्यानंतर गावातली लेकरं माझ्या दातांकडे काळजीने पाहू लागली.

पाणी भरायचं ते मारोतरावांच्या विहिरीतून. माळाला लागूनच त्यांचं वावर, वावरात आखाडा, म्हणजे गुरांचा मांडव, आणि आखाड्याशेजारी कडब्याची भलीमोठी गंजी. मारोतराव साठीचे, पांढऱ्या धोतराचे, हळू बोलणारे. रोज पहाटे स्वतः मोटार चालू करून हौद भरून ठेवायचे आणि स्वतःही चार घागरी वाहायचे.

पहिल्याच सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. पंचफुलाबाई तिथंच, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर घागर भरत होत्या.

"मास्तर," मारोतराव म्हणाले, "त्यांना सांगा, खालच्या आवळ्याचं मडकं फुटलं."

मी इकडेतिकडे पाहिलं. "कुणाला?"

"त्यांनाच." त्यांनी हनुवटीने दाखवलं.

मी वळून पंचफुलाबाईंना म्हणालो, "खालच्या आवळ्याचं मडकं फुटलंय."

"त्यांना सांगा, म्हाईत हाये," पंचफुलाबाई म्हणाल्या. "नवं आनलं हाये."

मी पुन्हा वळलो. असं तीन-चार वेळा झालं. मी मान हलवून थकलो, ते दोघं ताजेतवाने.

नंतर सुमनने खबर काढली. गटाचा नियम होता की माळावर जनावर शिरलं तर ते कोंडवाड्यात जाणार, मग ते कुणाचंही असो. हा नियम मांडला मारोतरावांनीच. आणि पहिला शिरला तो मारोतरावांचा बैल. पंचफुलाबाईंनी त्याला दाव्याला धरून भर बाजाराच्या दिवशी गावातून कोंडवाड्यात नेलं. त्या दिवसापासून मारोतराव त्यांच्याशी बोलले नव्हते. पाणी मात्र एक दिवसही चुकवलं नव्हतं. मी त्यांना याबद्दल विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "पानी झाडाला देतो. तिला न्हाई."

निरोप पोहोचवायला आजवर जे कुणी जवळ असेल ते चालायचं. मी आल्यापासून ते काम कायमचं माझ्याकडे आलं. बाहेरचा माणूस, सुशिक्षित, वर घागरी वाहण्यात कच्चा. याहून योग्य माणूस मिळाला नसता.

घागरींबद्दल खरं तेच सांगतो. मला कोपऱ्यातली एक रांग नेमून दिली होती. त्या रांगेच्या टोकाला एक बिचारं, पानं झडलेलं रोप होतं. त्याची मला फार दया आली. त्याला मी माझ्या वाटणीतलं जास्तीचं पाणी घालू लागलो, संध्याकाळी गुपचूप जाऊन बुडाशी माती सारखी करून यायचो. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी आली, तिने ते रोप उपटलं, दगडाने दुसरीकडे ठोकलं आणि त्याला शेळी बांधली.

त्या दिवशी माळावर काम थोडं झालं, हसणं जास्त. मारोतराव पोट धरून म्हणाले, "मास्तर, त्यांना सांगा, खुट्याला पालवी फुटली तर गटाचं नाव पेपरात येईल."

पंचफुलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांना सांगा, मंग खुट्याला पानी वाढवून द्या म्हनावं."

तेवढ्यापुरतं दोघांचं एकमत झालं होतं, तेही माझ्याच मार्फत.

पौर्णिमा

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी पाणी उजाडायच्या आतच आटोपलं. विहारावर पंचरंगी झेंडे लागले, दारात रांगोळ्या पडल्या. गव्हाच्या खिरीचं मोठं पातेलं चुलीवर चढलं तेव्हा पंचफुलाबाईंच्या ध्यानात आलं की वेलदोडे राहिले. मी लगेच निघालो. गोरेगावला जाणं, दुकानात बसणं आणि परत येणं, हे घागरीपेक्षा मला चांगलं जमलं असतं. जीप मिळेपर्यंत उशीर झाला आणि मी परतलो तोवर वंदना होऊन गेली होती. खीर वेलदोड्यांसाठी खोळंबली होती.

सगळं गाव आलं होतं. मारोतरावही वंदनेच्या आधीच येऊन ओट्याच्या टोकाला बसले होते. दोन वाट्या खीर खाल्ल्यावर त्यांनी मला खूण केली. "सांगा, खीर बराबर झाली."

मी जाऊन सांगितलं. पंचफुलाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "सांगा, गहू त्यांच्याच वावरातला हाये."

मी परत येत होतो तेवढ्यात सुमन ओरडली, "तो धूर कसला?"

माळाच्या वरच्या अंगाला धूर उठला होता. आधी पिवळट, मग काळा. सगळे उठले आणि धावले. जाताना बायांनी लिंबाचे डहाळे ओरबाडून घेतले, माणसांनी हौदातली पोती भिजवली. मीही एक पोतं घेतलं. आमच्याकडे ओलं लाकूड पेटवायला रॉकेल लागतं; इथं वाळलेलं गवत कागदासारखं पेटत होतं. ज्वाळा उन्हात दिसतसुद्धा नव्हत्या. नुसती हवा थरथरायची आणि खालचं गवत काळं होत पुढं सरकायचं.

आग मारोतरावांच्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून आली होती, हे तिथं पोहोचल्यावर सगळ्यांना दिसलं.  मारोतराव धोतराचा काचा मारून सगळ्यांच्या पुढं, सीताफळांच्या रांगेत उभे राहून वेड्यासारखे डहाळी आपटत होते. त्यांच्या शेजारी सुमन. चिपळूणच्या बागेत गांडूळ दिसलं तरी मला हाक मारणारी माझी बायको पदर खोचून गुडघ्याएवढ्या जाळावर पोतं हाणत होती. मी तिच्या मागून गेलो. माझ्या चपलेचा पट्टा वितळून पायाला चिकटला, ते मला नंतर कळलं.

आणि वारं फिरलं.

आगीची एक जीभ माळ सोडून वावराच्या कडेच्या गवताने खाली, आखाड्याकडे निघाली. तिथं कडब्याची गंजी होती आणि मांडवात दावणीला बांधलेले बैल. मारोतरावांची पाठ तिकडे होती. त्यांना ते दिसलंच नाही.

पंचफुलाबाईंना दिसलं. त्या दगडावर चढल्या आणि माळभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ओ मारोतराव! झाडं जाऊ द्या, बैलं सोडा! समदे खाली चला, गंजीकडं! पानी तिकडं घ्या!"

बाया क्षणभर थबकल्या. ज्या कोपऱ्यात त्या उभ्या होत्या तो त्यांनी लेकरासारखा वाढवलेला होता. एक जण म्हणाली, "आन् आपले आवळे?"

"आवळे पुन्हा लावता येतेत. मुकं जनावर बांधलेलं हाये तिथं. चला!"

सगळे उतारावरून खाली धावले. मारोतरावांनी दावी कापली, बैल शेपट्या वर करून नांगरटीत पळाले. बायांनी हौदातून गंजीपर्यंत ओळ लावली, घागरी हातोहात आल्या. गंजीच्या पुढचं गवत आम्ही खुरप्यांनी, हातांनी, जे मिळेल त्याने खरवडून काढलं. आग तिथवर आली, खरवडलेल्या मातीपाशी थोडी घुटमळली आणि तिला खायला काही उरलं नाही. गंजीचा एक कोपरा काळवंडला. बाकी राहिली.

वर माळावरचा आवळ्यांचा कोपरा जळत होता. तो जळू द्यावा लागला. ज्वाळा खाली बसल्यावर पुन्हा वर जाऊन उरलेलं विझवलं. मडकी तेवढी जागच्या जागी होती, आणि प्रत्येकाशेजारी एक काळी काडी.

आम्ही विहिरीच्या हौदाशी बसलो. कुणाचा चेहरा ओळखू येत नव्हता. माझी अर्धी मिशी गेली होती. एरवी तेवढ्यावर गाव हसलं असतं.  मारोतराव म्हणाले, "मास्तर, त्यांना सांगा..."

मी पंचफुलाबाईंकडे वळलो. पण मागून पुढचे शब्द आलेच नाहीत. मी पुन्हा पाहिलं तर मारोतराव माझ्याकडे बघतच नव्हते.

"पंचफुला," ते म्हणाले, "धुरा मीच पेटवला व्हता सकाळी. वाटलं, इझला."

पंचफुलाबाई काळ्या हातांनी घागरीच्या काठावरची राख पुसत राहिल्या. "म्हाईत हाये. वंदनेला बसताना धूर पाहिला व्हता म्या. बारीक व्हता. म्हनलं, सांगावं. मास्तर वेलदोड्याला गेलते. बाकीचे समदे वंदनेत व्हते. मंग राहूनच गेलं."

 मारोतराव ओट्यावर त्यांच्यापासून किती जवळ बसले होते ते मी परत आल्यावर पाहिलं होतं. हाक मारायचीही गरज नव्हती, नुसतं बोललं असतं तरी ऐकू गेलं असतं.

"म्या बी आडमुठाच," मारोतराव म्हणाले.

"व्हय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आन् म्या बी." मग त्यांनी घागर भरली आणि त्यांच्यापुढं ठेवली. "तोंड धुवा. बैलं धरून आना. चौखूर उधळलेत समदे. माळावर गेले तर नियम हाये, सांगून ठिवते."

निघताना

आमची जीप दुपारची होती. सकाळी सुमन आणि मी निरोप घ्यायला माळावर गेलो, तर लांबूनच भांडण ऐकू आलं.

जळक्या कोपऱ्यात बाया खड्डे मोकळे करत होत्या. आदल्या दिवशी धरून आणलेले बैल खाली निवांत कडबा खात होते. आणि मधोमध मारोतराव आणि पंचफुलाबाई समोरासमोर उभे राहून तावातावाने बोलत होते. मारोतरावांचं म्हणणं, इथं आता आवळा नको, चिंच लावू. पंचफुलाबाईंचं म्हणणं, चिंच मोठी होईस्तवर आपण राहायचो न्हाई, सीताफळच बरं. ते म्हणाले, झाड काय आपल्यासाठी लावतो का? या म्हणाल्या, मंग इतकी वर्षं काहून न्हाई सुचलं हे? ते म्हणाले, सुचलं व्हतं, पन सांगायचं कुनाला? एवढं सगळं साठून राहिलेलं होतं की मधे कुणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. बायांनी खड्डे थांबवले होते आणि खुरप्यांवर हनुवटी टेकून ऐकत होत्या. दोन माणसं भांडताना पाहून इतकी माणसं खूश झालेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

सवयीने मी दोघांच्या मधे जाऊन उभा राहिलो. मग वाटलं, आता जाताना निदान एकदा आपलं स्वतःचं मत द्यावं.

"मी काय म्हणतो," मी म्हणालो, "फणस लावला तर?"

दोघंही थांबले. दोघांनीही एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"फनस!" मारोतराव म्हणाले.

"इथं? ह्या मुरमात?" पंचफुलाबाई म्हणाल्या.

"ऐकलं का ह्यांचं?"

"ऐकलं, ऐकलं. मास्तर, तुमी आपले जीपमधी जाऊन बसा."

मी बाजूला झालो. ते दोघं पुन्हा एकमेकांकडे वळले आणि चिंचेपाशी सोडलेलं भांडण तिथून पुढं चालू झालं.